देने का भाव बोलो

हैदराबादेत नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर 1 जानेवारीपासून दीड महिना नुमाइश भरते. तिथे प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात, एक सांगायचा आणि एक द्यायचा. शालवाल्याने बाराशे म्हटले की जाणते गिऱ्हाईक बोलत नाही, पाठ फिरवते. चार पावलांवर मागून हाक येते आणि मग खरा संवाद सुरू होतो: "देने का भाव बोलो." 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी पब्लिक गार्डनमध्ये पन्नासेक स्टॉल मांडून ही नुमाइश सुरू केली. हैदराबाद संस्थानातल्या उद्योगांचे दर्शन घडवावे, असा उदात्त हेतू त्यामागे होता. त्यातले किती साधले हा वादाचा विषय आहे. शाल घासाघीस करूनच घ्यायची असते, एवढे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पक्के झाले.

युरोपीय संघाचे शिष्टमंडळ कधी या मैदानावर शिकायला आल्याची नोंद नाही. तरी गेल्या दोन वर्षांत ब्रुसेल्समध्ये झालेला सौदा पाहून नामपल्लीच्या कुठल्याही दुकानदाराने मान डोलावली असती. फरक इतकाच की इथे घासाघिशीत आकडा उतरतो आणि माल तेवढाच राहतो. तिथे आकडे चढत गेले आणि माल आटत गेला.

माल होता एक कायदा. बड्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे, म्हणजे जगात कुठेही, कामगारांचे हक्क तुडवले जात नाहीत ना आणि पर्यावरणाची नासाडी होत नाही ना, हे स्वतः तपासायचे आणि गफलत झाली तर जबाबदारी घ्यायची, असे त्यात लिहिले होते. जुलै 2024 मध्ये तो अमलात आला. सांगायचा भाव होता 1,000 कर्मचारी आणि 45 कोटी युरोंची उलाढाल. त्याहून मोठ्या कंपन्या कायद्याच्या कक्षेत आणि 2027 पासून त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने बंधन. शाई पुरती वाळायच्या आत, 26 फेब्रुवारी 2025 ला, युरोपीय आयोगाने 'सुलभीकरणा'चा प्रस्ताव आणला. एप्रिलमध्ये तारीख 2028 वर गेली. मे महिन्यात जर्मनीचे चान्सलर मेर्त्स ब्रुसेल्सला जाऊन म्हणाले, हा कायदाच नको. दहा दिवसांनी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनीही तोच सूर लावला. अशा प्रकारचा जगातला पहिला कायदा 2017 मध्ये फ्रान्सनेच केला होता, पण घासाघिशीत जुन्या पावत्या कोणी काढत नाही. शेजारच्या गाळ्यातून युरोपला गॅस विकणारे कतार आणि अमेरिका ओरडत होते: कायदा असाच राहिला तर गॅसचे काय होईल, विचार करा.

13 नोव्हेंबर 2025 ला युरोपीय संसदेने 382 विरुद्ध 249 मतांनी कात्री मंजूर केली. मध्यममार्गी उजव्यांनी नेहमीचे सहकारी सोडून अतिउजव्यांच्या मतांवर हे साधले. डिसेंबरमध्ये द्यायचा भाव ठरला: 5,000 कर्मचारी आणि 150 कोटी युरो. कंपन्यांवर बंधन जुलै 2029 पासून. दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीच्या 3 टक्के. कंपन्यांनी करायचा हवामानाचा आराखडा रद्द. बारीकसारीक माल पिशवीतून कधी काढून घेतला, ते गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळावे, अशी सफाई होती. युरोपीय लोकपालांनी नोव्हेंबरातच शेरा मारला की प्रस्ताव तयार करताना आयोगाने गैरकारभार केला. खात्याखात्यांतली सल्लामसलत एका शनिवार-रविवारात, 24 तासांच्या आत उरकली होती. सरकारी काम वेगाने होत नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

या सगळ्यात युनियनवाले काय करत होते? पत्रके काढत होते, निदर्शने करत होते, खासदारांच्या दारात उभे होते. युरोपीय कामगार संघटना महासंघाचे सभासद साडेचार कोटींच्या घरात आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कागद कमी करा, हरकत नाही, पण जबाबदारी कमी करू नका. वृत्तपत्रांनी यातला 'कागद' उचलला. कंपन्यांच्या डोक्यावरचा अहवालांचा भार, फॉर्मचा भार, तक्त्यांचा भार यांवर रकानेच्या रकाने लिहून आले. नफ्याच्या भाराबद्दल मात्र कोणी तक्रार केलेली आढळली नाही.

प्रत्यक्षात घासाघिशीत जे गेले त्याचा कागदाशी फारसा संबंध नव्हता. मूळ कायद्यात एक कलम होते: नुकसान झालेल्या कामगाराला युरोपातल्या न्यायालयात भरपाईचा दावा करता येईल, मुदत किमान पाच वर्षांची, आणि त्याच्या वतीने कामगार संघटनेलाही उभे राहता येईल. हे सामाईक दिवाणी दायित्व वगळले गेले. आता ज्या त्या देशाने आपापले पाहावे.

या कलमाचे मोल कराचीला विचारावे. सप्टेंबर 2012 मध्ये तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. मुख्य खरेदीदार कंपनी जर्मन होती. कारखान्याकडे सामाजिक मापदंडांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र होते आणि ते आगीच्या काही आठवडेच आधी मिळाले होते. म्हणजे कागद चोख. पीडित जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या न्यायालयात गेले, तर 2019 मध्ये निकाल लागला की पाकिस्तानी कायद्याप्रमाणे मुदत उलटली आहे. आग कशी लागली, दारे कोणी बंद ठेवली, यावर चर्चा करायची वेळच आली नाही. नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयाबाहेर टायपिंगचे टेबल मांडून बसलेल्या कुठल्याही मुन्शीने चहा संपायच्या आत सांगितले असते: मुदत आणि वादी, दोन्ही नसतील तर साहेब, सत्य घरी घेऊन जा.

नामपल्लीहून चाळीसेक किलोमीटरवर पाशमैलारमची औद्योगिक वसाहत आहे. तिथे सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात सेल्युलोजची बारीक भुकटी बनते. औषधाच्या गोळीत औषध चिमूटभर असते, उरलेला आकार या भुकटीचा. माल परदेशात जातो. 30 जून 2025 च्या सकाळी तिथे स्फोट झाला. मृतदेहांची ओळख डीएनएवरून पटवावी लागली. 46 मृत, 8 बेपत्ता, पुढे बेपत्तांनाही मृतांत धरून आकडा 54. बरेचसे कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडून आलेले.

सहाव्या दिवशी, 5 जुलैला, तेलंगण सरकारने एक आदेश काढला. तो सुरक्षेबद्दल असेल असे वाटणे साहजिक आहे. आदेश व्यापारी आस्थापनांत दिवसाला दहा तास काम करून घ्यायला परवानगी देणारा होता. आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच, त्यापुढे जादा कामाचा मोबदला, तिमाहीला 144 तासांपर्यंत. कारण दिले होते व्यवसाय-सुलभतेचे. कारखाने त्यात येत नव्हते, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. मुहूर्ताबद्दल मात्र सरकारने पंचांग पाहिले नव्हते. 8 जुलैला आदेश लागू, 9 जुलैला दहा केंद्रीय कामगार संघटनांचा देशव्यापी संप.

मग आला नोव्हेंबर. 13 तारखेला ब्रुसेल्सची कात्री, 21 तारखेला दिल्लीची. 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता अमलात आल्या. वीज वापरणाऱ्या कारखान्याला 'कारखाना' म्हणण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत होते, आता वीस लागतात. कामगारकपातीला सरकारी परवानगीची अट शंभरावरून तीनशेवर गेली. आणि निरीक्षकाचा झाला 'निरीक्षक-सह-सुविधाकार'. एकाच माणसाने एका हाताने दार ठोठावायचे आणि दुसऱ्या हाताने आतल्याला चहा करून द्यायचा. भारतीय मजदूर संघाने स्वागत केले, बाकीच्या मोठ्या संघटना 26 नोव्हेंबरला रस्त्यावर उतरल्या. ब्रुसेल्स आणि दिल्ली यांच्यात काही संगनमत होते असे कोणी समजू नये. सुलभीकरण ही साथ आहे, ती हवेतून पसरते.

दिल्लीचा युरोपीय नियमांवर वेगळाच राग आहे: गोऱ्यांनी मानवाधिकारांच्या नावाखाली आमचा माल अडवायचा डाव. हा संशय अगदीच निराधार नाही. युरोपातल्या युनियन काही संत नाहीत, स्वस्त मजुरीच्या देशात जाणारे काम त्यांनाही आपल्याच गावात हवे असते. शिवाय पुरवठादाराला दोनशे प्रश्नांची यादी पाठवणारा खरेदीदार मालाचा भाव एका पैशाने वाढवत नाही, उलट पुढच्या वर्षी कमी करायला सांगतो. पण डाव म्हणून झटकून टाकावे, तर पाटणचेरूची आठवण येते. पाशमैलारमच्या शेजारच्या या गावातल्या सांडपाणी केंद्राचे पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासले आणि 2007 मध्ये प्रसिद्ध केले: सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिवसाला सुमारे 45 किलो बाहेर पडत होते. सारा स्वीडन पाच दिवसांत खातो तेवढे. स्वीडनला काळजी जंतूंची होती, पाटणचेरूला विहिरींची. पाणी एकच होते.

27 जानेवारी 2026 ला, नुमाइश ऐन भरात असताना, भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा दिल्लीत झाली. मोटारी आणि वाइन यांवरच्या शुल्काबद्दल मथळे भरून वाहिले. शाश्वत विकासाचे प्रकरणही करारात आहे, ते आतल्या पानावर.

युनियनच्या हाती काही लागलेच नाही असे नाही. फ्रान्सच्या टपाल कंपनीविरुद्ध एसयूडी पीटीटी ही तिथली टपाल कामगारांची संघटना 2017 च्या त्या जुन्या फ्रेंच कायद्याखाली न्यायालयात गेली. डिसेंबर 2023 मध्ये ती जिंकली आणि 17 जून 2025 ला पॅरिसच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. न्यायालयाचे म्हणणे असे की कंपनीने केलेली धोक्यांची यादी इतकी मोघम आहे की तिच्यावरून नेमका कुठला धोका टाळायचा ते कळत नाही. यादी नीट करा. यानंतर तेराव्या दिवशी पाशमैलारमचा स्फोट झाला.

तेव्हा तेलंगणातल्या औषधी कारखान्यातल्या कामगाराने कामावर रुजू होतानाच फाटकावर चौकशी करून ठेवावी की आपली भुकटी कोणत्या देशात जाते. खरेदीदार फ्रेंच असावा, फ्रान्समध्ये त्याचे 5,000 नोकर असावेत किंवा जगभरात 10,000, म्हणजे पॅरिसचा रस्ता खुला. जर्मन असेल तर तिथल्या पुरवठा-साखळी कायद्यात भंगाबद्दल दिवाणी दायित्व नाही, असे स्पष्टच लिहिले आहे. आणि 4,999 नोकरांचा कोणी खरेदीदार भेटला, तर त्याला 2029 उजाडल्यावरही कोणी काही विचारणार नाही.