त्रिकोणकाका

सोसायटीत कुणाच्या घरून फरशी फोडल्याचा आवाज आला की अर्ध्या तासाच्या आत त्रिकोणकाका तिथे हजर होतात. पायात घरातल्याच सपाता, पँटच्या पट्ट्याला अडकवलेली पाच मीटरची टेप आणि तोंडात एकच प्रश्न, "ओट्याचं काही करताय का?" बाथरूमचं काम निघालं असेल तर दारातूनच परत जातात. ओट्याचं म्हटलं की मात्र सपाता काढून आत येतात, आणि घरमालकाला त्या दिवशी रजा टाकावी लागते.

काकांचं खरं नाव खाली लेटरबॉक्सवर आहे. ते पोस्टमन सोडून कोणी वापरत नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरीभर 'वर्क स्टडी' केला, म्हणजे दुसरा माणूस काम करत असताना शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. निवृत्त झाल्यावर कामगार सुटले, स्टॉपवॉच सुटलं नाही. आणि कोथरूडच्या त्या दोन खोल्या-स्वयंपाकघरात काम करणारं माणूस एकच होतं.

"अगं, पोहे करताना तू फ्रिजकडे सहा वेळा गेलीस."

"सातव्यांदा जाणार आहे. तुम्हाला लिंबू हवंय ना?"

एवढ्यावर दुसरा कोणीही गप्प बसला असता. काकांनी त्यातून निष्कर्ष काढला की दोष काकूंचा नाही, स्वयंपाकघराचा आहे. हा त्यांचा मोठेपणा, आणि पुढच्या साऱ्या खर्चाचं मूळही हेच.

त्रिकोण त्यांना इथे भेटला. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्वयंपाकघराचा अभ्यास झाला आणि सिंक, शेगडी, फ्रिज या तिघांना जोडणारा त्रिकोण जगभर मान्यता पावला. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, तिन्हींची बेरीज १३ ते २६ फूट. काकांनी घरची बेरीज केली तर ती ११ भरली. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, बरं झालं, दोन फूट चालणं वाचलं. काका दोन रात्री झोपले नाहीत. शेवटी त्रिकोण मापात बसवायला हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची ठरली. काकूंची पावलं कमी करायला निघालेल्या माणसाने काकूंची पावलं वाढवण्यासाठी भिंत पाडली, हे त्याच्या लक्षात आणून देण्याचं धाडस कुणाला झालं नाही. काकांच्या आई तेवढ्या एकदा म्हणाल्या, "शेगडी आग्नेयेला होती, ती नीट होती." त्यांना त्रिकोण काढून दाखवण्यात आला.

भिंत पडली त्या दिवसापासून काकांच्या मोबाईलमध्ये एक जुना फोटो आहे. पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी तो फोटो मिळतो. फ्रँकफुर्ट, १९२६. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी तिथल्या नव्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं: १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या डायनिंग कारमधली मुदपाकाची जागा त्यांनी नमुन्याला घेतली होती, बायकांची पावलंही घड्याळ लावून मोजली होती. तांदूळ, साखर यांना ॲल्युमिनियमचे खण. पिठाचा खण तेवढा ओक लाकडाचा, कारण त्यात किडा होत नाही. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. इथवर सगळं खरं आहे आणि काका ते सांगतातही छान. मग ते आवाज चढवतात. "आणि या बाईंनी म्हातारपणी स्वतः कबूल केलंय, की हे सगळं आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता!" हे वाक्य ते काकू ऐकण्याच्या अंतरावर असल्याशिवाय टाकत नाहीत.

मी एकदा म्हटलं, "पण काका, बाईंचं स्वयंपाकघर छोटं होतं, आणि त्याला सरकतं दार होतं. तुम्ही तर भिंतच ठेवली नाहीत."

"जर्मनीत फोडणी नसते," काका म्हणाले.

या उत्तरावर मी अजून विचार करतो आहे. जिथे फोडणी नाही तिथे दार, आणि जिथे रोज मोहरी तडतडते, हिंग पडतो, आठवड्यातून एकदा मिरचीचा ठेचा होतो, तिथे सगळं उघडं. काकांचा भरवसा चिमणीवर होता. तासाला १,२०० घनमीटर हवा ओढणारी. जुनं स्वयंपाकघर ८ बाय ७, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण १५ घनमीटर. तासाला ८० वेळा हवा बदलणार, असा हिशोब त्यांनी कागदावर करून दाखवला होता. फक्त भिंत पडल्यावर तो हिशोब हॉललाही लागू करायचा राहिला. ठसका आता सोफ्यावर बसून लागतो. शिवाय चिमणी चालू असली की बोललेलं ऐकू येत नाही, आणि ही सोय काकूंना मनापासून आवडली आहे.

तरी काकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. प्लाय म्हणाल तर त्यांनी डोळे झाकून घेतलं नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय ७२ तास उकळलं तरी सुटत नाही, असं मानकात आहे. दुकानदाराने शिक्का दाखवला. शिक्का कोणीही मारतं, असं म्हणून काकांनी त्याच्याकडून तुकडा मागून आणला आणि डाळीच्या पातेल्यात घालून शेगडीवर ठेवला. तीन दिवस, तीन रात्री. रात्री गजर लावून उठून पाणी घालायचे. तुकडा सुटला नाही. सिलिंडर मात्र संपला. "छोले शिजायला अर्धा तास जास्त लागला तर गॅसच्या किमती सांगता मला," एवढंच काकू म्हणाल्या, आणि ते पातेलं त्यांनी भांडीवालीला देऊन टाकलं.

खणांची कथा वेगळी. हात लावताच अलगद मिटणारे ड्रॉवर, कोपऱ्यातून गरकन बाहेर येणारी जाळी, तेलाच्या बाटल्यांसाठी सहा इंची उभा पुलआउट. काकूंचं तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये येतं आणि किटलीत राहतं. पुलआउटमध्ये सध्या फिनेल आणि दोन छत्र्या आहेत. काट्या-सुऱ्यांच्या ट्रेमध्ये काट्यांसाठी जागा, सुऱ्यांसाठी जागा; सोऱ्या, पुरणयंत्र, किसणी, रवी आणि मोदकपात्राची जाळी यांच्यासाठी जगातल्या कुठल्याही कंपनीने अजून खण काढलेला नाही. काचेच्या हॉबवर पुरणाचं मोठं पातेलं ठेवलं की शेजारचा बर्नर झाकतो. स्टीलची मांडणी 'लुकला मारते' म्हणून भंगारात निघाली होती. ती काकूंनी जिन्यातून परत आणली.

ओट्याच्या उंचीबद्दल मात्र मी काकांना माफ करणार नाही. काका पाच फूट दहा इंच, काकू कशाबशा पाच फूट. पहिला ओटा ३२ इंचांवर होता. काकांनी युरोपातलं माप बघितलं, स्वतः उभं राहून हवेत कांदा चिरून पाहिला आणि ३६ इंचांवर ग्रॅनाइट टाकलं. त्यावर पोळपाट ठेवला की लाटणं काकूंच्या छातीशी येतं. मग त्यांनी लग्नातला शिसवी पाट काढला. आता त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटतात, आणि फ्रिजकडे जाताना दर वेळी उतरतात, परत चढतात. हा चढउतार त्रिकोणाच्या बेरजेत कुठे धरायचा, ते इलिनॉयवाल्यांनी सांगितलेलं नाही.

पाहुण्यांसाठी म्हणून उंच काउंटर आणि चार उंच स्टुलं आहेत. पाहुणे तिथे बसतील, यजमानीण बोलता बोलता रांधेल, असं चित्र काकांच्या डोळ्यांपुढे होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बघितलं: काकांच्या आईला स्टुलावर चढवता येईना, एका मावशींना उतरवता येईना. बाकीच्या बायका तिळगूळ घेऊन काउंटरला वळसा घालून सरळ ड्राय बाल्कनीत शिरल्या. तिथे काकूंनी ती मांडणी उभी केली आहे, जुन्या ओट्याचा कडप्पा ३२ इंचांवर बसवून घेतला आहे, आणि वर जुनी दोन बर्नरची शेगडी. भजी तिथे तळली जातात, चकल्या तिथे पडतात, सोसायटीच्या बातम्याही तिथेच कळतात. पाच फूट बाय साडेतीन. तिथल्या त्रिकोणाची बेरीज कोणी केलेली नाही. हॉलमध्ये काका पुरुषमंडळींना ड्रॉवर उघडून मिटून दाखवत होते.

तुमच्याकडे ओट्याचं काम निघणार असेल तर काकांना बोलवायची गरज नाही, ते येतीलच. प्लाय त्यांनाच निवडू द्या, त्यातलं त्यांना खरोखर कळतं. तुकडा फक्त त्यांच्या घरी उकळायला सांगा. आणि ओट्याची उंची ठरायच्या आधी त्यांना चहा देऊन हॉलमध्ये बसवा, टेप मागून घ्या, घरात पोळ्या जो कोणी लाटतो त्याला उभं करा, आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली भिंतीवर पेन्सिलीने खूण करून टाका.