बुडेल तो पास

आमच्या महाविद्यालयात प्राध्यापक एकोणीस आणि समित्या एकतीस. हे गणित ज्याला सुटतं त्याला प्राचार्य म्हणतात. इतकी वर्षं माझ्या वाट्याला वाङ्मय मंडळ, भित्तिपत्रक आणि मराठी भाषा गौरव दिन एवढंच यायचं. गेल्या जूनमध्ये यादीत माझ्या नावापुढे राष्ट्रीय सेवा योजना आली आणि तिच्या पाठीला पाठ लावून 'आरोग्यविषयक उपक्रम'. मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, आरोग्य प्राणिशास्त्राकडे नको का?" ते म्हणाले, "मॅडम, प्राणिशास्त्राला प्रात्यक्षिकं असतात. मराठीला काय असतं?"

याला उत्तर नव्हतं. माझा आरोग्याचा अभ्यास संतवाङ्मयापुरता. त्यात देह नाशिवंत आहे, एवढीच वैद्यकीय माहिती मिळते.

पहिली परीक्षा २१ जूनला झाली. योग दिनाची ही तारीख संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात मुक्रर केली, तेव्हा आमच्या कॉलेजचं वेळापत्रक त्यांच्या टेबलावर नसावं. उत्तर गोलार्धात त्या दिवशी वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो, आमच्याकडे त्या सुमारास वर्षातली सर्वांत मोठी रांग असते. प्रवेशाची. वर्ग सुरू झालेले नसतात, त्यामुळे विद्यार्थी ही वस्तू शिल्लक नसते. पत्रात मात्र 'जास्तीत जास्त सहभाग' असं ठळक अक्षरात छापलेलं. २०१५ मध्ये पहिल्या योग दिनाला दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसं बसली होती, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. माझ्यासमोर नऊ होती. त्यातले दोन शिपाई.

तोडगा काढला कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी. त्यांनी प्रवेशाची खिडकी लावून घेतली आणि माईकवरून सांगितलं, "ज्यांना फॉर्म जमा करायचेत त्यांनी आधी सतरंजीवर यावं." पाच मिनिटांत सत्तर माणसं जमली. टोपीवाले, धोतरवाले, कडेवर लेकरू घेतलेल्या आया. कुणाच्या दातात पासपोर्ट फोटोंचं पाकीट, कुणाच्या काखेत मार्कलिस्ट. जिमखान्याच्या सरांनी पादहस्तासन सांगितलं. गुडघे न वाकवता खाली वाका, तळवे जमिनीला. वडीलमंडळी पोटापाशी अडली. नातीचा प्रवेश घ्यायला अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाहून आलेली एक आजी मात्र सहज खाली गेली आणि तिथेच राहिली. शेजारणीशी बोलणंही तिचं वाकूनच चाललं होतं. सर म्हणाले, "आजी, आता उठा." आजी तशीच म्हणाली, "एवढ्यात? आमच्यात ह्याला भाताची आवणी म्हणतात. बांध येईस्तवर उठत नाहीत."

एवढं सगळं जमल्यावर भाऊसाहेबांनी मोबाईल वर धरला आणि त्यांचा चेहरा पडला. हल्ली कार्यक्रम झाला हे नुसत्या फोटोवरून कुणी मानत नाही. फोटोच्या तळाशी गावाचं नाव, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ उमटावी लागते. मूल्यांकन समितीला तोच पुरावा लागतो. मोबाईल आमचं मैदान शेजारच्या गावात दाखवत होता. रेंज फक्त सायकल स्टँडच्या लिंबाखाली येते. मग सत्तर माणसांनी सतरंज्या उचलल्या. शवासन दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत झालं. सेवा योजनेचा एक मुलगा झोपल्या झोपल्या विचारत होता, "मॅडम, शवासनाचा वेळ धरतात का?" वर्षाला १२० तास भरायचे असतात त्यांना. मी धरला. अक्षांश-रेखांश आले होते, माझं मन मोठं झालं होतं.

यानंतर गाडी घसरली ती सप्ताहावर. २४ सप्टेंबर हा सेवा योजनेचा स्थापना दिन (१९६९ साली त्या तारखेला ती सुरू झाली) आणि १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन. मी दोन्ही टोकं बांधून 'आरोग्य सप्ताह' जाहीर केला. भाऊसाहेबांनी बोटं मोजली. "मॅडम, हे आठ दिवस होतात." मग स्वतःच म्हणाले, "मधला रविवार आजारी धरू."

'सप्ताह' हा शब्द वापरायला नको होता हे मला, संतसाहित्यवालीला, कळायला हवं होतं. आमच्या नगर भागात (आता अहिल्यानगर म्हणायचं) सप्ताह म्हणजे हरिनाम सप्ताह. वीणा, पहारा, पारायण आणि शेवटच्या दिवशी काल्याचं जेवण. बातमी वाड्यावस्त्यांवर पोचली आणि पालकांचे फोन आले. महाराज कोण आहेत? पंगत किती वाजता?

महाराज होते, पण ताणतणाव व्यवस्थापनाचे. व्याख्यान अकराचं होतं, वक्ते साडेबाराला उतरले आणि शाल-श्रीफळ होईपर्यंत एक वाजला. त्यांचा आवाज फार मऊ होता. "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. आता आठवा, या क्षणी तुमच्या मनावर सर्वांत मोठा ताण कशाचा आहे?" सभागृह शांत. मागच्या बाकावरून एक मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "दीडच्या गाडीचा."

दीडची गाडी हुकली तर वरच्या वाड्यांना जायला थेट साडेपाचची मुक्कामी. व्याख्याते हसले, "गाडीला जाऊ द्या. मनाला थांबवा." तेवढ्यात स्टँडच्या दिशेने हॉर्न आला. सभागृहाने घेतलेला खोल श्वास सोडला की नाही ते मला सांगता येणार नाही, पण डोळे उघडले तेव्हा समोर आम्ही प्राध्यापक आणि जवळच राहणारी चार मुलं होतो. खरं म्हणजे व्याख्यान यशस्वी झालं होतं. दीडशे जणांचा ताण जागच्या जागी गेला होता.

पाककृती स्पर्धेबद्दल मी फारसं बोलणार नाही. विषय 'पौष्टिक पदार्थ, विस्तवाशिवाय' असा होता. पहिलं बक्षीस बिस्किटांच्या केकला मिळालं. मटकीला मोड आणून आणलेल्या मुलीला उत्तेजनार्थ.

बॉडी मास इंडेक्सचं टेबल जिमखान्याच्या सरांनी मांडलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे सूत्र १८३० च्या दशकात अडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियन माणसाने काढलं. धंद्याने तो खगोलशास्त्रज्ञ. ग्रहगोलांचं आटोपल्यावर 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायला निघाला होता. एकेकट्याची तब्येत तपासावी हा त्याचा हेतूच नव्हता. हे मला संख्याशास्त्राच्या सरांनी सांगितलं, आणि जिमखान्याच्या सरांना सांगू नका असंही सांगितलं. त्या टेबलावर 'कमी वजन' असा पहिला शेरा कुणाला मिळाला? कमवा आणि शिका योजनेतल्या मुलाला. रोज तीन तास कॉलेजच्या बागेला पाणी घालणारा, आळी खणणारा हा पोरगा. उंची १.६८, वजन ४९ किलो, उत्तर १७.४. सरांनी त्याला आहार वाढव, व्यायाम कर असं समजावलं. तो "हो सर" म्हणाला, मग ते लोखंडी टेबल, त्यावरचा काटा आणि माईकचा खोका असं सगळं एका खेपेत उचलून दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. सर मागून रजिस्टर घेऊन चढत होते. पहिल्या मजल्यावर टेकले.

आणि मग १ ऑक्टोबर. रक्तदान शिबिर.

सप्ताहातला हा एकच दिवस असा होता की ज्यात फोटोपेक्षा माणसाला महत्त्व होतं, कारण रक्तपेढीची माणसं बाहेरची होती आणि त्यांना आमच्या मूल्यांकनाशी देणंघेणं नव्हतं. वय १८ पुरं, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५. त्यांच्या टेबलावर निळ्याशार पाण्याचं एक छोटं भांडं होतं. बोटाला टोचायचं आणि रक्ताचा थेंब त्या पाण्यात सोडायचा. पाण्याची घनता १.०५३ अशी बरोबर जमवलेली असते. रक्तात पुरेसं हिमोग्लोबिन असेल तर थेंब जड होऊन तळाशी जातो. नसेल तर वर राहतो.

रांगेतली पहिली मुलगी निळं पाणी बघून ओरडली, "मॅडम, हे तर मोरचूद! आम्ही डाळिंबाला मारतो." आणि होतं ते मोरचूदच, चुना न घातलेलं. पुढचा अर्धा तास मुली तंत्रज्ञाला बोर्डो मिश्रणाचं प्रमाण सांगत होत्या आणि तो बिचारा त्यांची बोटं शोधत होता.

पहिला थेंब तरंगला. दुसरा तरंगला. तिसरा जरासा खाली गेला, थबकला आणि विचार बदलून वर आला. मराठीचा मास्तर अशा वेळी कामाचा नसतो. तरणं म्हणजे मोठी गोष्ट, हेच आम्ही जन्मभर शिकवतो. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तेराव्या दिवशी ती तरून वर आली, या कथेवर माझी निम्मी नोकरी झाली आहे. इथे उलटा न्याय. बुडेल तो पास, तरेल तो नापास. मुली कमरेत वाकून भांड्यात बघत होत्या आणि देवाचं नाव घेत एकमेकींच्या थेंबांना "बूड, बूड" म्हणत होत्या.

सव्वीस मुलींपैकी सतरा जणींचे थेंब तरले. ४९ किलोवाल्या त्या पोराचा थेंब मात्र विहिरीत कळशी सुटावी तसा गेला. त्याने ३५० मिलिलिटर रक्त दिलं आणि उठून खुर्च्या आवरायला लागला.

संख्याशास्त्राचे सर शेजारी उभे होते. म्हणाले, "राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय निघालाय. आपले सव्वीसात सतरा, म्हणजे शेकडा पासष्ट." मला वाटलं आता काही हळहळतील. ते पुढे म्हणाले, "पण तुलना करू नका. त्यांची रेषा १२ ला आहे, इथली साडेबाराला." गणितवाल्यांचं दुःखसुद्धा दशांशचिन्हापाशी थांबतं.

मी एकेकीला विचारत गेले. सकाळी काय खाल्लं? चहा. कितीला निघालीस? सहाला. डबा? डबा दुपारी, घरी गेल्यावर. म्हणजे तो डबा नव्हेच, ते घरचं जेवणच. मधल्या सुट्टीत? चहा.

बाजूला रक्तदात्यांचं टेबल होतं. त्यावर बिस्किटं, आंब्याच्या रसाची छोटी खोकी, पाण्याची बाटली भेट आणि प्रमाणपत्र. सतरा जणी ते बघत होत्या. त्यातल्या एकीने माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, ज्यांच्यात रक्त आहे त्यांना बिस्किट. आमच्यात नाही, म्हणून आम्हाला काहीच नाही?"

तर्कशास्त्राचा पेपर असता तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते. मी कार्यालयात गेले. भाऊसाहेबांना म्हटलं, सतरा मुलींना शेंगदाण्याची चिक्की द्यायची आहे, गुळाची. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "चिक्की कुठल्या हेडखाली टाकू?"

"चहापान?"

"चहापानात चहाच बसतो, मॅडम. मागच्या ऑडिटला भज्यांवरून शेरा आलाय."

आता चहा म्हणजे अंगात लोह शोषलं जाण्याच्या आड येणारी गोष्ट. आमच्या अंदाजपत्रकात पोरींच्या तोंडात घालायला मंजूर असलेला पदार्थ तेवढा एकच होता. मी ते भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी हातातला अर्धा कप लांब सरकवला आणि फाईल उघडली. "तीनच हेड आहेत. चहापान, छपाई आणि सत्कार." मग त्यांचं बोट थबकलं. समारोपाचे पाहुणे आयत्या वेळी येत नाही म्हणाले होते. सत्काराचे पैसे तसेच शिल्लक होते.

दुपारी एकला, म्हणजे गाडीच्या आधी, सायकल स्टँडच्या लिंबाखाली सत्कार समारंभ झाला. प्राचार्यांनी सतरा मुलींना एकेक करून पुढे बोलावलं आणि चिक्कीचं पाकीट दिलं. सत्कार म्हटल्यावर मुलींनी ओढण्या नीट केल्या. दोघी तर प्राचार्यांच्या पाया पडल्या. ज्यांचे थेंब बुडाले होते त्या नऊ जणी हातात प्रमाणपत्र घेऊन टाळ्या वाजवत होत्या आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत असाव्यात. अक्षांश-रेखांश स्वच्छ आले. मोरचुदाच्या मुलीने पाकीट तिथेच फोडलं, शेजारणीला वाटलं आणि म्हणाली, "झाला काला."

संध्याकाळी भाऊसाहेब बिल लावत बसले. "सतरा मुली आणि अठरा पाकिटं?"

"एक प्राध्यापक," मी म्हटलं. सकाळी सहा चाळीसच्या गाडीने मीही येते, आणि माझा थेंब तर निम्म्यावरूनच परत फिरला होता.

त्यांनी काही न बोलता अठरा लिहिलं. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. नाव, वर्ग, सही असे रकाने भरलेले होते. शेवटचा एक रिकामा होता: 'सत्काराचे कारण'.

"हे भरावं लागतं, मॅडम. नाहीतर ऑडिटला अडतं."

मी त्यांचंच पेन घेतलं आणि वरपासून खालपर्यंत अठरा वेळा लिहिलं, 'तरल्याबद्दल'.

भाऊसाहेबांनी वाचलं, शिक्का मारला आणि फाईल बांधली.