मोसंबी लावली, जंभेरी आली

तीन वर्षं मी गच्चीवरच्या एका झाडाला मोसंबी समजून पाणी घातलं. यंदा फळं धरली ती जाड, खरबरीत सालीची आणि दात आंबवणारी. जंभेरी! घरातल्या सगळ्यांनी एकेक फोड चाखली आणि पुढे कुणी काही बोललं नाही.

मोसंबीचं रोप करताना जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, वीतभर उंचीला, मोसंबीचा डोळा बांधतात. डोळ्याच्या खालून निघालेला प्रत्येक फुटवा खुंटाचा असतो. तो वेळच्या वेळी काढला नाही तर तोच जोर धरतो आणि वरचा डोळा वाळून जातो. माझ्याकडे हेच झालं. रोप देणाऱ्याने पिशवी हातात ठेवली, पैसे घेतले आणि "रोज पाणी घाला" एवढंच सांगितलं. खुंट कुठे संपतो आणि मोसंबी कुठे सुरू होते, हे बोटाने दाखवायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

आणि रोज पाणी घालायचं ते कुठलं? शिंदखेड्यात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावला तर चटका बसतो, आणि आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. बोअरचं पाणी घातलं की मातीवर पांढरे क्षार फुटतात, पानांच्या कडा करपतात. त्यात मी हौसेने शेतातली काळी माती भरलेली. ती सुकली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत उतरतं. ताटली भरलेली दिसते आणि मुळं कोरडीच राहतात. हे कळेपर्यंत माझं एक डाळिंब गेलं. आता काळी माती तिसरा हिस्साच घेतो. बाकी शेणखत, पालापाचोळा आणि जाड वाळू. उन्हाळ्यात कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळतो.

पेरू मात्र चांगला आला. सरदार जातीचा, म्हणजे पुण्याच्या गणेशखिंडीत १९२७ साली निवडलेला एल-४९. त्याचा त्रास वेगळा. घरी येणारा प्रत्येक जण आधी म्हणतो, "एवढ्याशा कुंडीत काय येणार भाऊ?" आणि बोलता बोलता हिरवा पेरू तोडतो, एक चावा घेतो, तुरट लागला म्हणून कठड्यावर ठेवून जातो. वर्षाला दहा-बारा फळं देणाऱ्या झाडाचं ते एक फळ असतं. पोपटाने खाल्लं तर मला वाईट वाटत नाही, त्याची भूक तरी खरी असते.

रोपं विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पिशवीवर जात लिहा, खुंट कशाचा ते लिहा, आणि डोळा बांधलेल्या जागी रंगाचा एक ठिपका द्या. माझी तीन वर्षं गेली. पुढच्या गिऱ्हाइकाची जाऊ नयेत.