मान हलवू नका

निवृत्त माणसानं काय करावं याबाबत पाथर्डीत मतभेद नाहीत. पहाटे रस्त्यानं फिरायला जावं, दुपारी वामकुक्षी घ्यावी, संध्याकाळी कट्ट्यावर बसून दिल्लीचं सरकार पाडावं आणि जेवायच्या आत पुन्हा उभं करावं. नवरात्रात मोहट्याच्या देवीला पायी जाऊन यावं. एवढं जमलं की लोक म्हणतात, माणूस सुखात आहे. मी यातलं काहीच न करता ‘रोज एका माणसाचा चेहरा काढणार’ असं घरात जाहीर केलं, तेव्हा सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता वर पाहिलं आणि म्हणाल्या, “एकदा साखर तपासून घ्या.”

साखर नॉर्मल निघाली. त्यामुळे दोष देण्यासारखं काही उरलं नाही आणि मला चित्रं काढावीच लागली.

माझी नोकरी एसटीतली. बरीच वर्षं आरक्षणाच्या खिडकीत गेली. त्या खिडकीतून आतल्या माणसाला बाहेरच्याचा चेहरा कधी दिसत नाही, दिसतो फक्त हात. मेंदी लावलेला, हळदीनं पिवळा झालेला, ओली नोट मुठीत घट्ट धरलेला. नुसत्या हातावरून मी सांगायचो की हा पुण्याला पोराकडे निघालाय आणि हा कल्याणला कामाच्या शोधात. पण तोच माणूस बाजारात समोर येऊन “साहेब, वळख हाय ना?” म्हणाला की माझी नजर आपोआप त्याच्या मनगटाकडे जायची. गावातल्या इतक्या माणसांची तिकिटं फाडली, चेहरा एकाचाही पाहिला नाही, ही बाकी कुठंतरी चुकती करायची होती. भांडवल म्हणाल तर शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरीला मिळालेली बी ग्रेड. इंटरमिजिएटच्या ग्रेडचा विषय आमच्या घरात निघत नाही.

सुरुवात करताना चित्रकलेतल्या थोरामोठ्यांची नावं घ्यावीत म्हणून घेतली. गोपाळ देऊसकर तर आमच्याच जिल्ह्याचे, १९११ साली नगरला जन्मलेले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात त्यांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. एकच नाक दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे शोभतंय. मला एका माणसाचं नाक त्याच माणसाला शोभवता येईना. दुसरे धुरंधर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९० साली विद्यार्थी म्हणून शिरले ते १९३१ साली निवृत्त होऊनच बाहेर पडले. आत्मचरित्राचं नावही ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. मला पहिली एकेचाळीस मिनिटंच जड जात होती.

चित्रकलेच्या पुस्तकातला पहिला धडा असा, की डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्यावर. खरं वाटत नाही, पण मोजून बघा. नवशिका माणूस डोळे हमखास वर चढवतो, कारण त्याला कपाळाचं आणि केसांचं महत्त्वच वाटत नसतं. मी घरातल्या सगळ्यांची डोकी फूटपट्टीनं मोजली आणि नियमाला अपवाद मिळाला नाही. मग मोठ्या विश्वासानं गावात गेलो, तर तिथं प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी. टोपीखाली डोकं किती आणि हवा किती, हे चित्रकारानं ओळखायचं कसं? पुस्तक लिहिणाऱ्याच्या मुलखात गांधी टोपी नसावी. बरं, “बाबा, जरा टोपी काढता का?” असं पाथर्डीत सत्तरीच्या माणसाला विचारणं म्हणजे भाऊबंदकीला आमंत्रण. ज्यांनी आयुष्यात टोपी फक्त देवापुढे आणि न्हाव्यापुढे उतरवली, ते माझ्या पेन्सिलीपुढे कशाला उतरवतील? शेवटी मी टोपी हा डोक्याचाच भाग मानायला लागलो. शरीरशास्त्र काहीही म्हणो, आमच्याकडे तसंच आहे.

दुसरा धडा अंदाज घेण्याचा. हात ताठ पुढे करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा वरखाली सरकवत समोरच्याचं नाक मोजायचं. जगभरचे चित्रकार असंच करतात. पण ते पाथर्डीच्या बसस्थानकावर करत नाहीत. फलाटावरच्या बाकड्यावर बसून मी एका मावशींकडे बघत एक डोळा मिटला. मावशी शेवगावच्या गाडीची वाट बघत होत्या. त्यांनी पदर सावरला. मी अंदाज पक्का करायला पुन्हा डोळा मिटला. त्यांनी शेजारच्या बाईला कोपर मारलं. तिसऱ्यांदा मिटायच्या आत एक कंडक्टर माझ्यापाशी आला. माझ्या हाताखालून गेलेलाच पोरगा. कानाशी वाकून म्हणाला, “साहेब, तुमची एवढी इज्जत आहे इथं. डोळ्याला काय झालंय का?”

तेव्हापासून मी दोन्ही डोळे उघडे ठेवून अंदाज घेतो. नाकं थोडी पसरट येतात, पण अब्रू शाबूत राहते.

पुरुषांचा घोळ वेगळाच. माणसाकडे टक लावून बघणारा आणि बघत बघत कागदावर काहीतरी उतरवणारा इसम तालुक्याच्या गावात एकाच कारणासाठी येतो, तो म्हणजे यादी करायला. मी वही उघडली की आजूबाजूला माणसं जमतात आणि पहिला प्रश्न येतो, “घरकुलाचं आलंय का?” नाही म्हटलं की “मग पीकविम्याचं?” तेही नाही म्हटलं की माणसं डोळे बारीक करून हसतात. म्हणजे आलंय, पण सांगायचं नाहीये. एक आजोबा माझ्यासमोर इतके सुंदर बसले होते, की पापणीसुद्धा लवेना. सुरकुत्या अशा, की पेन्सिलीला काही सुचवावंच लागू नये. मी मनात म्हटलं, याला म्हणतात मॉडेल. चित्र संपत आल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून आधार कार्डाची झेरॉक्स काढली, तिच्यावर बँकेचं पासबुक ठेवलं आणि दोन्ही माझ्या वहीत सरकवून म्हणाले, “नाव नीट टाका. मागच्या येळी बापाचं नाव चुकलं होतं.” मी त्यांना चित्र दाखवलं. ते त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ह्याचे पैशे कधी जमा व्हत्याल?”

नातेवाइकांकडे वळावं, तर तिथं स्पर्धा फ्लेक्सशी. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर आमच्या गावातली यच्चयावत तरुण मंडळी गोरीपान आहेत. गॉगल, गळ्यात चेन, गालावर ना पुळी ना खड्डा. अशा पोरासमोर आपण पेन्सिलीनं काढलेला त्याचा खरा गाल ठेवला की तो दुखावतो. माझ्या भाच्यानं चित्र पाहून विचारलं, “मामा, फिल्टर नाही का यात?” नाही म्हणालो. “मग कशाला हात काळे करता?”

रंग हाती घेतल्यावर हे भांडण वाढलं. लहान मुलांच्या खडूपेटीत ‘स्किन कलर’ म्हणून एक गुलाबीसर कांडी असते. पाथर्डी तालुक्यात त्या रंगाचा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. आमच्या कातडीला यलो ऑकर लागतो, बर्न्ट सिएना लागतो, सावलीत थोडा निळा अल्ट्रामरीन. बर्न्ट सिएना म्हणजे इटलीतल्या सिएना गावाकडची माती, भाजून केलेली. आमच्याकडे मुद्दाम भाजावी लागणार नाही. एप्रिल-मेमध्ये माती आणि माणूस दोन्ही आपोआप तयार होतात. पण हा रंग कागदावर दिसला की समोरचा म्हणतो, “जरा उजळ करा ना.” हे म्हणताना तो स्वतःच्या हाताकडे बघत नाही. हात बघायची सवय बहुधा माझी एकट्याचीच.

आणि कौतुक झालंच, तर तेही वाकड्या वाटेनं येतं. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बघणारे कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं समजून हात जोडतात. चित्रकाराचं नाव बदललं तरी निदान बाई तीच राहते. माझ्या चित्राखाली माझं नाव ठसठशीत असतं, लोक बदलतात तो आतला माणूस. सरपंचांचं काढलं तर म्हणतात, “वा, तुमचे व्याही हुबेहूब आलेत.”

रोजचा नेम मोडायचा नाही म्हणून, माणूस न मिळाल्यास आरसा हा उपाय. व्हॅन गॉगकडे मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं चांगला आरसा घेतला आणि तीन-चार वर्षांत स्वतःचीच पस्तीसच्या वर चित्रं रंगवली. आमच्याकडे मोठा आरसा एकच, तोही कपाटाच्या दाराला. कपाटात साड्या. मी ऐन रंगात येतो आणि दार उघडतं.

मढीची यात्रा आली तेव्हा मात्र चंगळ झाली. कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमाराला गाढवांचा बाजार भरतो. लांबलांबचे व्यापारी येतात, परराज्यातलेही. रेवड्यांची पाकिटं, धूळ, नाथांचा जयजयकार आणि मध्ये ओळीनं बांधलेली गाढवं. मी वही घेऊन बसलो, आणि सांगतो, पोर्ट्रेटसाठी याच्याइतका सज्जन प्राणी नाही. मान हलवत नाही, गोरं करा म्हणत नाही, अनुदान विचारत नाही. पापण्या इतक्या लांब, की त्यांची सावली गालावर पडते. नाकपुडीभोवतीचा भाग चुन्यात बोट बुडवून रेखल्यासारखा पांढरा. मी त्या डोळ्यांत पार बुडून गेलो होतो. पण जनावराला मालक असतो. तो मागून येऊन वहीत डोकावला आणि म्हणाला, “चितार बेस हाय. पर त्वांड उघडं काढा.” मी म्हटलं, का? तर म्हणाला, “गिऱ्हाईक आदी दात बघतंय. दातावं वय कळतंय, वयावं भाव. बंद तोंडाचं चितार व्हाट्सपला धाडून काय उपेग?” मग त्यानं स्वतः ओठ वर करून धरला आणि मी दात काढले. आजवर काढलेल्या चित्रांपैकी व्यवहारात उपयोगी पडलेलं ते एकच. माझी पद्धतही त्या दिवसापासून बदलली. आता माणसालाही मी थोडं बोलतं करतो. दात दिसले की चेहऱ्याचं वय कळतं, हे गाढवाच्या मालकाचं म्हणणं कलेच्या कुठल्याही पुस्तकातल्या वाक्याइतकं खरं आहे.

घरचं सांगायचं राहिलं. चित्रकार वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळाला. चित्र कोणाचं, तर पत्नीचं. ही बातमी मी सौभाग्यवतींना मोठ्या आशेनं सांगितली. त्यांनी विचारलं, “बायकोला किती वेळ बसवलं?” मी म्हटलं, चांगलं चित्र म्हणजे बरेच तास लागले असतील. “आणि त्या दिवशी स्वयंपाक?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हा आमच्या घरातलं पोर्ट्रेट पोळ्या लाटता लाटता काढलं जातं. त्यामुळे ते कायम बाजूनंच असतं, डावी बाजू, कानामागं पीठ. डाव्या बाजूनं मी आता आमच्या सौं.ना डोळे मिटून काढू शकतो. उजव्या बाजूचा भरवसा देत नाही.

पण खरा खोळंबा होतो दसऱ्यानंतर. आमच्या तालुक्यातले चेहरे ऋतूनुसार गायब होतात, हे पोर्ट्रेटवाल्याखेरीज कोणाच्या फारसं ध्यानात येत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते. कारखान्यांचं गाळप सुरू व्हायच्या सुमाराला दारात ट्रॅक्टर लागतो, त्यात पत्र्याच्या पेट्या, चुलीचं सामान, शेळ्या, पोरं चढतात आणि आख्खी गल्ली पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघून जाते. आमच्या मागच्या आळीतला एक गडी माझ्यासमोर बसला होता. कपाळ, भुवया, नाक झालं होतं. मिशीला हात घालणार, तेवढ्यात ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. तो म्हणाला, “मिशी ऱ्हाऊ द्या, पाडव्याला काढू,” आणि गेला. वहीत तो आख्खा हंगाम ओठांशिवाय राहिला.

पाडव्याच्या पुढं-मागं आला. मी वही उघडली, तर वरचा आणि खालचा माणूस एक होईना. गाल आत गेलेले, भुवईवर उसाच्या पाचटानं कापल्याची नवी खूण, कातडीत बर्न्ट सिएना दुप्पट. त्यानं स्वतःच्या कपाळाकडे बघून विचारलं, “ह्यो मी हाय व्हय?” मी म्हटलं, तेव्हाचा. “मंग तसाच ऱ्हाऊ द्या. खालचं बी तव्हाचंच काढा.” आता तव्हाचं तोंड मी कुठून आणू? आमची यावर चर्चा चालू असताना त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं वही हातात घेतली, पानं उलटून पाहिली, मागचंही पाहिलं.

“उचल देताना मुकादमानं आमा दोघांचा मिळून एक कोयता धरला,” ती म्हणाली. “अन् कागदावं हे एकलेच कसे?”

हिशोब बिनतोड होता. मी कागदाला कागद जोडला. तिनं तोंडावर पाणी मारलं, कुंकू नीट केलं, पदर डोक्यावरून घेतला आणि नवऱ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, मान हलवू नका. तिनं मान हलवली नाही. गाढवानंतर इतकं स्थिर कोणी माझ्यासमोर बसलं नव्हतं. हनुवटी झाली, नथीचं भोक झालं, आणि डोळ्यांशी आलो तर ते मिटलेले. बसल्या जागी तिला गाढ झोप लागली होती. नवरा तिला हलवायला गेला, मीच नको म्हटलं, आणि दिसलं तसं काढून टाकलं.

जाग आल्यावर तिनं आधी कागद मागितला.

“डोळे उघडे काढा,” ती म्हणाली. “मुकादमानं बघितलं तर खाडा मांडंल.”