डीजेचा ट्रॅक ऐकून मत देण्याची शास्त्रोक्त पद्धत

श्रावण लागला की बमरोली, पांडेसरा, उधना या पट्ट्यात पोरांच्या लॅपटॉपना ताप चढतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिची मिरवणूक, पाठोपाठ गणपती. आणि प्रत्येक गल्लीला यंदा 'आपल्या पोराने बनवलेला' रिमिक्स हवा असतो. भुसावळ पॅसेंजरने सुरतेत उतरलेल्या खानदेशाने आधी लूम चालवले, मिलमध्ये कापड रंगवलं, साड्यांच्या घड्या घातल्या. आता नातवंडं बीट बनवायला लागली आहेत. कापडाला तपासनीस असतो, तसा या मालालाही लागतो. तुम्ही कधीकाळी बॅन्डमध्ये कीबोर्ड धरला असेल, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड बडवला असेल, किंवा घरात नुसता बरा स्पीकर असेल, तर तो तपासनीस तुम्हीच. रात्री अकराला मेसेज येतो: "काका, आयका ना, कसं जमनं ते सांगा." पुढील सूचना त्या प्रसंगासाठी आहेत.

सर्वप्रथम, लगेच उत्तर देऊ नये. ऐकण्याआधीच पाठवलेलं 'एक नंबर' हे मत नव्हे, ती पोच आहे. शिवाय ते एकदा लिहिलं की स्क्रीनशॉट निघतो, आणि तासाभरात तुम्ही त्या ट्रॅकचे मान्यताप्राप्त समर्थक होता. स्टेटसला लावलेला व्हिडिओ ऐकूनही मत देऊ नये. तिथे आवाज दाबला जातो आणि नंतर सगळे दोष व्हॉट्सअ‍ॅपच्या नावावर खपवले जातात. वेव्ह फाइल ड्राइव्हवर मागवावी. निम्म्या उमेदवारांना वेव्ह म्हणजे काय हे विचारावं लागतं. तेवढ्यात दोन दिवस जातात आणि पहिला उत्साह बसतो. मत द्यायला तो काळ उत्तम.

फाइल आल्यावर दुसरं काहीही बोलण्याआधी एकच प्रश्न विचारावा: "प्रोजेक्ट उघडतो का?" या प्रश्नाचं मोल अनुभवी माणसालाच कळतं. इथला बहुतेक माल एफएल स्टुडिओत तयार होतो. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर 1997 मध्ये फ्रूटीलूप्स नावाने आलं, 2003 मध्ये त्याचं नाव बदललं. विकत न घेता ट्रायल वापरली तर सगळं करता येतं, गाणं बाहेरही काढता येतं. मात्र सेव्ह केलेला प्रोजेक्ट बंद केला की पुन्हा उघडत नाही. त्यामुळे पोराने रात्रभर खपून केलेल्या कामातून उरते ती एकच सपाट फाइल. तिच्यातली हलगी आता नीट वेगळी काढता येत नाही की गायिका हलवता येत नाही. अशा वेळी "हलगी थोडी मागे घे" हे मत म्हणजे तळून झालेल्या भज्याला कांदा बारीक चिर म्हणण्यासारखं आहे. प्रोजेक्ट उघडत नसेल, तर या ट्रॅकला आशीर्वाद द्यावा आणि सूचना पुढच्या ट्रॅकसाठी राखून ठेवाव्यात.

यानंतर तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो ट्रॅक ऐकण्याचा नाही. ट्रॅक कधी बनवला ते विचारावं.

बमरोलीतल्या हौशी संगीतकाराचा दिवस कसा जातो हे ध्यानात घ्या. लूमच्या खात्यात तो बारा तासांची पाळी करतो. तिथला आवाज 90 डेसिबलच्या वर असतो, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. कारखान्यांसाठी 90 डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात. याचे तास त्याहून दीडपट. अशा पाळीनंतर कान तात्पुरते बधिर होतात, आणि सगळ्या पट्टीवर सारखे नव्हेत. पहिला आणि सगळ्यात जास्त फटका 4000 हर्ट्झच्या आसपास बसतो. गायिकेचा 'स' आणि 'श', टाळीची धार, हलगीवर पडणाऱ्या छडीची कडकड हे सगळं त्या भागात राहतं. पोरगा आठला सुटतो, जेवतो, नऊला लॅपटॉप उघडतो. त्याला हलगी मंद वाटते. तो ती वर करतो. तरी मंद. आणखी वर. मध्यरात्री त्याच्या कानाला जे नेमकं जमलेलं असतं, ते तुम्ही सकाळी ताज्या कानाने ऐकता आणि दाढेत कळ येते.

इथे कच्चा तपासनीस म्हणतो, "खूप कर्कश आहे रे." पोरगा दुखावतो, कारण त्याला तसं ऐकूच आलेलं नसतं, त्याच्या मते तुमचं वय झालं आहे. पक्का तपासनीस म्हणतो, "सुट्टीच्या दिवशी झोप काढून उठ, चहाआधी एकदा ऐक आणि 48 व्या सेकंदाला काय वाटतं ते मला सांग." दोष त्याचा त्यालाच सापडतो, मित्रत्व शाबूत राहतं. हे सांगताना आणखी एक वाक्य जोडलंत तर बिघडत नाही: खात्यात कानात फोमचे बूच घालत जा. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. रात्रीच्या झोपेने भरून येणारी ही झीज वर्षानुवर्षं चालली तर भरून येत नाही, आणि मग कितीही महागडं प्लगइन घेतलं तरी तो 'स' परत ऐकू येत नाही. (ही या मार्गदर्शनातली एकमेव गंभीर सूचना. चुकून आली आहे.)

आता खोली. दहा बाय बाराची खोली, दोन समोरासमोरच्या भिंती, एका भिंतीला टेबल, मध्ये खाट. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर; आवाज सेकंदाला 343 मीटर जातो; हिशोब केला तर अशा दोन भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो. किकची धमक नेमकी तिथेच बसते. गंमत अशी की हा घुमारा भिंतीजवळ सर्वांत जोरात असतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास गायब. म्हणजे टेबलाशी बसलेल्या संगीतकाराला बेस उतू जाताना ऐकू येतो आणि तो कमी करतो, खाटेवर बसलेल्या मित्राला बेस सापडतच नाही आणि तो ओरडतो, "बेस वाढव!" दोघंही खरं बोलत असतात. सुरतेतली निम्मी भांडणं याच मापाच्या खोल्यांमुळे होत असावीत. म्हणून मत लिहिताना बसण्याची जागा आधी लिहावी, नंतर मत. मोबाइलच्या स्पीकरवर बेसबद्दल बोलूच नये. त्यातून 200 हर्ट्झच्या खालचं जवळपास काही बाहेर येत नाही.

'बेस वाढव' ही सूचना तशीही शब्दकोशातून काढून टाकावी. ती द्यायला कानही लागत नाहीत. बेस कमी वाटतो तेव्हा बहुतेक वेळा तो कमी नसतो. किक आणि बेसगिटारचा सूर 50-60 हर्ट्झच्या एकाच पाटावर बसायला भांडत असतात आणि कोणालाच नीट जेवण मिळत नाही. विचारावं, "दोघांतला मोठा कोण?" किक मोठी असेल तर बेसचा तो भाग कापून त्याला 90 च्या वर सरकवावं, किंवा किक पडते त्या क्षणापुरता बेस दबेल अशी सोय करावी. साइडचेन म्हणतात ते हेच. गायिकेच्या ट्रॅकमधला 100 हर्ट्झखालचा सगळा गाळ बिनदिक्कत उपसावा. तिथे तिचा आवाज नसतो, पंखा असतो. यूट्यूबवरच्या गाण्यातून सॉफ्टवेअरने आवाज वेगळा काढला असेल, तर गायिका पाण्याखालून गाते आहे असं वाटेल. त्यावर उपाय नाही. ते सांगू नये.

स्टिरिओचा मोह हा पुढचा आजार. हेडफोनवर हलगी डाव्या कानातून उजव्या कानात पळते तेव्हा पोराला स्वर्ग दिसतो. मिरवणुकीतल्या गाडीवर मात्र बहुधा डावा-उजवा एकत्र करून मोनो वाजतो, आणि प्लगइन लावून ताणलेली ती हलगी दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात म्हणून नाहीशी होते. नाचणारे हातवारे करत राहतात, पण कशावर ते कोणालाच कळत नाही. "एकदा मोनो करून ऐक, कोण पळालं ते बघ" एवढी सूचना पुरे.

आवाजाच्या पातळीबद्दल बोलायला धैर्य लागतं. मास्टरवर साउंडगुडायझर लावलेला असणारच. हे एफएलमधलं एका बटणाचं यंत्र आहे. बटण उजवीकडे फिरवलं की सगळं जोरात होतं, आणि जोरात झालेलं सगळं माणसाला चांगलंच वाटतं. कानाची ही जुनी खोड आहे. त्यामुळे आधीचं आणि नंतरचं एकाच पातळीवर आणून ऐकवल्याशिवाय वाद घालू नये. शून्य डेसिबलच्या वर डिजिटल आवाजाला जागाच नसते. लाल दिवा पेटला की लाटेचा माथा छाटला जातो. सहा डेसिबल मोकळे ठेव म्हटलं की पोरगा म्हणेल, "मग दुसऱ्याच्या गाडीपुढे आपला ट्रॅक बारीक वाजेल ना!" त्याला शांतपणे सांगावं की आवाज वाढवायला गाडीवर अ‍ॅम्प्लिफायर आहे, ऑपरेटर आहे आणि मंडळाचा अध्यक्षही आहे. आधीच चेपून सपाट केलेल्या किकमध्ये मात्र धमक परत घालता येत नाही.

ओघाने कायदा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. दोन शेजारणी नळावर सामान्य सुरात बोलल्या तरी 55 ओलांडतात. 'साउंड चेक' जातीच्या ट्रॅकचा उद्देशच दुकानांची शटर थरथरवणं असतो. तेव्हा त्यावर मत देताना शटर कोणाचं होतं याची चौकशी करावी.

मध्येच एखादे वडीलधारे येतील आणि "हे काय संगीत आहे का?" असं म्हणून तपासणीत अडथळा आणतील. त्यांच्यासाठी दोन दाखले जवळ ठेवावेत. याच गुजरातेत, अहमदाबादच्या एनआयडीत, 1969 मध्ये मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. गीता साराभाईंसारख्या पखवाज शिकलेल्या विदुषी तिथे काम करत होत्या. आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कोणी विचारली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाल्यावर युरोपातले लोक चक्रावले. वडीलधारे यावर गप्प बसतात. धोका दुसराच आहे. संगीतकार पोरगा शेजारी उभा राहून हे ऐकत असतो, आणि त्यानंतर तुमच्या प्रत्येक सूचनेला तो म्हणतो, "काका, माझंही अठ्ठावीस वर्षांनी कळेल." म्हणून त्याला आधी पाणी आणायला पाठवावं.

टॅगचा विषय नाजूक. ट्रॅकमध्ये दर पंधरा सेकंदांनी एक घोगरा आवाज डीजेचं नाव आणि 'सुरत' असं ओरडतो. चोरी होऊ नये म्हणून हे करतात, आणि चोरी व्हावी असाच ट्रॅक असेल तर ते रास्तही आहे. पण तो आवाज गायिकेच्या ऐन धृपदावर, सगळ्या वाद्यांच्या वर येतो. टॅग काढ असं म्हणू नये. त्याच्या मते तोच ट्रॅकचा आत्मा आहे. दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत सरकव म्हणावं.

इतकं सगळं सांगून झालं तरी एका वेळी तीनच गोष्टी लिहाव्यात, प्रत्येकीपुढे मिनिट आणि सेकंद घालून, आणि त्यातली एक तरी जमलेल्या जागेबद्दल असावी. तीही नेमकी. "संबळ घेतलास ते छान" याने काही होत नाही. "1:12 ला सगळं थांबवून नुसता संबळ ठेवलास, तिथे अंगावर काटा आला" हे वाचून तो पुढच्या वेळी तसंच करेल.

पक्की परीक्षा हळदीत होते. मांडवाच्या बाजूला छोटा हाथी उभा असतो, त्यावर चार टॉप, चार बेस, आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर ऑपरेटर. नाचणाऱ्यांकडे बघू नये; हळद लागलेला माणूस कशावरही नाचतो. ऑपरेटरच्या उजव्या हाताकडे बघावं. त्याच्या तोंडात मावा असतो, डोळे मोबाइलवर असतात आणि दोन बोटं फेडरवर. नवा ट्रॅक सुरू होतो. चाळीस सेकंद बोटं हलत नाहीत. मग गायिका येते आणि अंगठा कळत-नकळत हाय वाल्या बटणाकडे जातो, थोडं डावीकडे फिरवतो. पुढे ड्रॉपला फेडर केसभर खाली येतो. मोबाइलवरची नजर तशीच. इतकं प्रामाणिक मत तुम्ही जन्मात देऊ शकणार नाही. सेकंद लिहून घ्यावेत आणि तुमचंच मत म्हणून पोराला पाठवावेत.

पोरगा ऐकेलही. सुट्टीच्या दिवशी चहाआधी बसेल, हाय उतरवेल, बेसला बाजूला सरकवेल, आणि कृतज्ञतेने नव्या ट्रॅकच्या टॅगमध्ये तुमचं नाव घालेल: "स्पेशल थँक्स...", घोगऱ्या आवाजात, दर पंधरा सेकंदांनी. अशा वेळी भारावून जाऊ नये. नाव चार डेसिबल खाली घ्यायला सांगावं, आणि आपल्या आडनावातल्या 'श'ची धार जास्त झाली असेल तर तेही.