निःशब्दराव

ज्याच्या शेजारात, कचेरीत किंवा सासुरवाडीत एखादे निःशब्दराव नाहीत असा वाचक आज विरळाच असल्यामुळे, त्यांच्या रूपवर्णनात कालक्षेप न करता मी थेट त्यांच्या अपराधांकडे वळतो. आमच्या सोसायटीतले निःशब्दराव (हे नामकरण माझे, सोसायटीच्या दप्तरी त्यांचे नाव निराळे आहे) संगणकाच्या कीबोर्डमधून आवाजाचे समूळ उच्चाटन करण्याच्या ध्येयाने झपाटलेले गृहस्थ असून, या मौनव्रताविषयी ते अष्टौप्रहर बोलत असतात. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कीबोर्डच्या कळांखाली बसणारे चार-सहा सुटे स्विच कायम असतात, समोरचा इसम बेसावध दिसला की त्यांतला एक काढून ते त्याच्या कानाशी नेतात, अंगठ्याने दाबतात आणि प्रसन्न मुद्रेने विचारतात, “काही ऐकू आलं?”

हा प्रश्न त्यांनी लग्नात अंतरपाट धरलेला असताना विचारला आहे, तेराव्याच्या पंगतीत विचारला आहे, आणि पाणीपट्टीच्या थकबाकीवर हातघाईची वेळ आली असता वार्षिक सभेच्या अध्यक्षांनाही विचारला आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे वाट पाहत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना तो विचारला गेला, तेव्हा “नाही हो, म्हणून तर आलोय” असे ते करुण स्वरात म्हणाले. निःशब्दरावांना मात्र इतका निःसंदिग्ध साक्षीपुरावा पूर्वी कधीच मिळाला नव्हता.

वस्तुतः या शास्त्राची त्यांची व्युत्पत्ती दांडगी आहे, आणि ती ऐकून घेण्याचा प्रसंग न आलेल्यांनी आपल्या नशिबाचे आभार मानावेत. मुद्दाम टकटक करणारे स्विच त्यांच्या लेखी बहिष्कृतच. परंतु ज्यात टकटक नाही तो लिनिअर स्विचही निर्दोष नव्हे, कारण कळ तळाशी आपटते तेव्हा एक आणि स्प्रिंगच्या जोराने वर येऊन आदळते तेव्हा दुसरा असे दोन नाद तो करतोच. त्यावर उपाय म्हणून सायलेंट स्विचच्या दांडीला दोन्ही टोकांशी मऊ रबराची गादी दिलेली असते. त्या गादीने थोडी जागा खाल्ल्यामुळेच चेरी या जर्मन कंपनीच्या साध्या लाल स्विचची कळ 4 मिलिमीटर खाली जाते, तर सायलेंट लालची 3.7. इथवर सारे ठीक होते. पण मनगटाला आराम म्हणून त्यांनी लो-प्रोफाइलचा, म्हणजे ठेंगण्या स्विचचा ध्यास घेतला आणि घराची शांतता संपली. कैल कंपनीच्या ‘चॉक’ जातीत कळीला अवघे 3 मिलिमीटर अंतर मिळते, दीड मिलिमीटरवरच अक्षर उमटते, आणि भरधाव निघालेले बोट उरलेले अंतर कापून धाडकन तळ गाठते. शिवाय इतक्या अरुंद घरात रबराने पसरावे तरी कोठे? तशात चॉकच्या पहिल्या पिढीच्या की-कॅपला दोन पाय, त्या चेरीच्या दांडीवरील फुलीवर बसत नाहीत. सबब जुना सरंजाम बाद, नवी खरेदी मंजूर.

खरेदीनंतर ल्यूब. 87 कळांचा कीबोर्ड म्हणजे 87 स्विच उघडणे, प्रत्येकाला बारीक कुंचल्याने वंगण लावणे आणि मिटवणे; हे अनुष्ठान चालू असताना घरात पंखा लावण्यास मनाई होती, आणि कुकरच्या शिट्ट्या तहकूब ठेवण्याविषयी त्यांनी केलेली दरखास्त पत्नीने फेटाळली, एवढेच मला दाराबाहेरून समजले. पुढे स्विच माझ्याही कानाशी आला. “काही ऐकू आलं?” मी नाही म्हणालो. “तरी मला किंचित येतंय,” असे खिन्नपणे म्हणून त्यांनी तो पुनश्च उघडला.

हा उपद्व्याप केवळ हौसेचा आहे, अशी माझी खात्री होती. त्यांच्या पत्नीनेच एकदा जिन्यात सहज सांगितले, “परदेशातलं काम, रात्रभर टाइप करत बसतात, आणि टेबलाच्या भिंतीपलीकडे तुमची उशी येते ना, भावोजी, म्हणून हे सगळं.” याविषयी निःशब्दरावांनी एवढ्या बडबडीत एक अक्षर काढले नव्हते, आणि मीही कधी तक्रार केलेली नव्हती.

रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात निवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा पाळावी, असा केंद्र सरकारचा नियम 2000 सालापासून आहे. तो आमच्या गच्चीवरील वाढदिवसांना ठाऊक नाही, कोपऱ्यावरील मंडळाच्या भिंतीएवढ्या स्पीकरांना ठाऊक नाही, आणि मध्यरात्री फाटक उघडावे म्हणून हॉर्न दाबून धरणाऱ्या आमच्या सन्माननीय चिटणिसांना तर मुळीच ठाऊक नाही. आपल्या हातून निघणाऱ्या आवाजाचा हिशेब ठेवणारा या इमारतीत एकच मनुष्य आहे, आणि दुर्दैवाने तो हाच आहे.

येत्या वार्षिक सभेत चिटणीसपदासाठी मी निःशब्दरावांचे नाव सुचवणार आहे. सभेच्या वेळी खिसे रिकामे ठेवण्याचा मुचलका त्यांच्याकडून आधी लिहून घेण्यात येईल. सभासदांपैकी कोणीतरी अनुमोदन द्यावे, ही विनंती.