प्रजिमा, इजिमा आणि बाभळीची फांदी

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा 2004 साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या इंग्रजाने सुरू केला. त्याच्या देशात सरकारी नकाशाची माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत, म्हणून त्याने ठरवलं, की लोकांनीच लोकांसाठी नकाशा काढावा आणि कुणीही तो दुरुस्त करावा. ‘कुणीही’मध्ये आमचा अख्खा तालुका येतो, हे त्या बिचाऱ्याला तेव्हा कुणी सांगितलं नसावं.

रात्री जेवण झालं, की मी या नकाशातले आमच्या तालुक्याचे रस्ते साफ करत बसतो. “स्वतःच्या खोलीतला केर काढायला मात्र माणूस लागतो,” असं बायको म्हणते, ते सोडून देऊ. काम तसं सरळ आहे. कुणाची रेघ विहिरीतून गेलेली असते, ती काठावर आणायची. एकच रस्ता दोघांनी दोनदा काढलेला असतो, त्यातला एक पुसायचा. सगळ्यात चिवट दुखणं न जुळलेल्या रस्त्यांचं. पडद्यावर दोन रेघा एकमेकींना टेकलेल्या दिसतात, पण दोघींचा सामाईक बिंदूच नसतो. मग मार्ग दाखवणाऱ्या यंत्राच्या लेखी तिथे वळायची सोयच नाही. ते तुम्हाला गावाबाहेरून फिरवून आणून शेजारच्या घरी पोचवतं. त्यात उपग्रहाची छायाचित्रं. एकीकडचं चित्र दुसरीकडच्या चित्रापासून काही मीटर सरकलेलं. कुणी उत्साही गडी रात्रीत सगळं गाव उचलून नव्या चित्रावर नेऊन ठेवतो, दुसरा पहाटे परत आणतो. गावाला पत्ताच नसतो.

पण हे सगळं मोजमापाचं झालं, त्याला उत्तर असतं. खरी कसोटी लागते ती रस्त्याचा दर्जा ठरवताना. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा आणि शेवटी ग्रामीण मार्ग अशी उतरण आहे. नकाशातही तशाच पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीचा रस्ता जाड दिसतो. बस्स! लग्नात कुणाला फेटा आणि कुणाला नुसती टोपी, यावरून जे होतं, तेच इथे सुरू होतं.

“दादा, आपल्या वाड्याम्होरला रस्ता लई बारीक दिसतोय की,” चुलतभावाचा फोन आला.

“तो ग्रामीण मार्ग आहे रे.”

“असंल. पण त्यांच्या आळीचा बघा, कसा जाड केलाय! जरा इजिमा तरी करा.”

पलीकडच्या आळीचा रस्ता खरोखरच एका रात्रीत दोन पायऱ्या चढला होता. तिथे प्लॉट विक्रीला निघाले होते, हा योगायोग असेल. मी तो खाली आणला. तो पुन्हा वर गेला. शिवाय या खेपेला त्याच्यापासून ‘प्रस्तावित रिंगरोड’ निघाला होता. तो प्रस्तावित म्हणून नोंदवला असता तर माझी हरकत नव्हती, नकाशात तशी सोय आहे. पण काढणाऱ्याचा आशावाद दांडगा, त्याने तो वाहतुकीला खुला करून टाकला. दोनेक गाड्या उसात जाऊन आल्या म्हणतात.

नंबरांचं वेगळंच. 2010 साली केंद्राने राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारा 4 नंबर 48 झाला, मुंबई-गोव्याचा 17 नंबर 66 झाला, पुणे-सोलापूरचा 9 नंबर 65. नकाशात जुन्या क्रमांकासाठी वेगळा कप्पा ठेवला आहे आणि आपल्याकडे तोच जास्त चालतो. सासरे अजून “एनेच फोरनं या” असंच सांगतात. त्यांना 48 म्हटलं, तर ते विचारतात, “तो कुठला? आपल्याला कशाला लांबनं जायचं?”

या नकाशातली माझी सगळ्यात आवडती नोंद गुळगुळीतपणाची. आठ श्रेणी आहेत. उत्तम, चांगला, मध्यम, वाईट, फार वाईट, भयंकर, अतिभयंकर आणि शेवटी अगम्य. मी हे पदरचं सांगत नाही, इंग्रजीत अगदी अशाच आहेत. ज्याने कुणी त्या ठरवल्या त्याला चांगल्याच्या बाजूला तीन शब्दांत भागवता आलं आणि वाईटाच्या बाजूला पाच लागले, यावरून माणूस फिरलेला असणार. अतिभयंकर म्हणजे जिथे ट्रॅक्टरसारखंच वाहन जाऊ शकतं तो रस्ता. या हिशेबाने आमच्या वरच्या वाडीला एसटी पोचूच शकत नाही. ती रोज संध्याकाळी मुक्कामाला येते.

मध्यंतरी जर्मनीतल्या एका सभासदाने अत्यंत नम्रपणे विचारलं, की तुमचा एक रस्ता सरळ नदीत शिरून पलीकडे निघतो. पूल नोंदवायचा राहिला आहे का? मी कळवलं, की पूल नाही, फरशी आहे. आठ महिने रस्ता आणि चार महिने नदी. त्यावर त्याने आठवड्याभराने उत्तर पाठवलं, की रस्ता जून ते सप्टेंबर बंद अशी नोंद करता येते, पण नेमकी तारीख कळेल का? फरशीवर पाणी कधी येतं हे आमच्याकडे म्हसोबालाही नक्की सांगता येत नाही. मी 1 जून लिहून टाकलं. जर्मन माणसाचं समाधान झालं.

सध्या मात्र प्रकरण पाणंदीवर आलं आहे. आमच्या शेतांकडे जाणारी पाणंद चुलतभाऊ आणि बांधाशेजारचे अण्णा यांच्यात गाजते आहे. जमीन महसूल संहितेचं कलम 143, बांधावरून जाण्याच्या हक्काचं, दोघांनाही तोंडपाठ. नकाशात मी ती पाणंद साधी शेतवाट म्हणून काढली होती. अण्णांच्या नातवाने खातं उघडून तिच्यावर ‘खाजगी’ असं लिहिलं. भावाच्या मुलाने ते काढलं. मग पुन्हा ‘खाजगी’. या रेघेचा बदलांचा इतिहास आता समृद्धी महामार्गापेक्षा लांब झाला असावा.

जमिनीवर जे दिसतं तेच नकाशात, हा आमच्यातला मूळ नियम. म्हणून गावी गेलो तेव्हा मुद्दाम पाहून आलो. पाणंदीच्या तोंडाशी बाभळीची भलीमोठी काटेरी फांदी आडवी टाकलेली होती. नकाशात अडथळ्यांची यादी मोठी आहे, फाटक, कुंपण, ओंडका, दगड, बाभळ नाही. मी ओंडका निवडला, शेरा लिहिला, “काटेरी फांदी, मोटारसायकल जात नाही,” आणि जपून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. “दादा, झकास काम केलंत! वाट अडवली हे आता जगाला दिसलं.”

संध्याकाळी अण्णांचा. “उपकार झाले बघा तुमचे. ही वाट आमच्या मालकीची आन् बंद हाय, ह्याचा पुरावाच झाला की हो.”

दोघांनीही त्या पानाची रंगीत प्रिंट काढून घेतली आहे. तहसीलदारांकडची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि साक्षीदार म्हणून दोघांनीही माझंच नाव दिलं आहे.